ताईचा आळशी डोळा

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी मशीन चालवतो. आणि तेही कुठे शिकून आलेलो नाही. हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये एक जुनं मशीन धूळ खात पडलं होतं. ते उघडलं, व्हिडिओ बघितले, दोन वायरी जाळल्या, शेवटी चालू झालं. मॅडम म्हणाल्या, चालू केलंयस ना, मग आता तूच बस त्याच्यावर. असा लागलो कामाला.

मॅडम म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टर. लहानपणी ज्यांच्या तिरळेपणावर नाहीतर आळशी डोळ्यावर याच हॉस्पिटलात उपचार झाले, त्यांना आता मोठेपणी परत बोलवायचं आणि बघायचं, पुढे त्या डोळ्याचं झालं काय. पोरं बरी झाली, घरी गेली, मग कोणी विचारलंच नाही. मॅडमना ते विचारायचं होतं.

आळशी डोळा म्हणजे डोळा तसा धड असतो. काच चांगली, पडदा चांगला. पण लहानपणी दोन डोळे दोन वेगळ्या गोष्टी सांगायला लागले की मेंदू वैतागतो आणि एकाला गप्प बसवतो. तो डोळा मग जन्मभर बघत असतो, पण त्याचं कोणी ऐकत नाही. मॅडमनी मला असंच समजावलं होतं. उपाय एकच, चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायची. म्हणजे झक मारत दुसऱ्याला काम करावं लागतं.

माझ्या ताईला होती ती पट्टी. वर्गातली पोरं तिला दरोडेखोर म्हणायची. मी तेव्हा पाळण्यात.

खोली मागच्या बाजूला, पूर्वीच्या मुलांच्या विभागात. भिंतीवर खालच्या पट्ट्यात बदकं रंगवलेली, वरचा रंग उडालेला. खुर्च्या अजून लहान मुलांच्याच. मोठी माणसं त्यांवर बसली की गुडघे छातीला लागायचे, म्हणून मी मशीनसमोर एक लांब बाकडं आणून टाकलं. खिडकीला काळा पडदा. मशीन तापलं की त्यातून गरम धुळीचा वास यायचा.

मशीनला दोन नळ्या आहेत. दुर्बिणीसारखं डोळे लावून बसायचं. प्रत्येक नळीत वेगळी चित्राची काच घालता येते, म्हणजे एका डोळ्याला एक चित्र, दुसऱ्याला दुसरं. माझी नेहमीची जोडी होती घर आणि माणूस. आळशी डोळ्यापुढे घर, लाल छपराचं, दार उघडं. चांगल्या डोळ्यापुढे छत्रीवाला माणूस. पेशंटने हँडल हलवून माणसाला दारात नेऊन उभं करायचं. दोन्ही डोळे एकत्र काम करत असतील तर माणूस घरात जातो. नसतील तर नुसतं घर दिसतं, नाहीतर नुसता माणूस.

मी आधी फक्त घर लावायचो. आळशी डोळ्याला मुळात काही दिसतंय का, ते बघायला. माणसाची काच माझ्या हातात असायची.

पहिल्यांदा घडलं ते एका शिक्षिकाबाईंच्या वेळी. चाळिशीच्या, स्वभावाने मोकळ्या. बाकड्यावर बसता बसता म्हणाल्या, "हे मशीन अजून आहे? मला वाटलं भंगारात गेलं असेल. माझ्यासारखं."

मी घर लावलं. विचारलं, काय दिसतं.

"घर. पुसट आहे. आणि माणूस."

मी हातातल्या काचेकडे बघितलं. होती हातात.

"छत्रीवाला?"

"छत्री नाही. हात दिसत नाहीयेत त्याचे. दारात पाठमोरा उभा आहे. म्हणजे पूर्वी पाठमोरा होता. आता जरा वळलाय."

"पूर्वी म्हणजे?"

त्यांनी डोळे मशीनवरून काढले. "लहानपणी हो. तेव्हा एक सर असायचे इथे. ते म्हणायचे, माणूस घरात गेला की सांग. मला तर तो आधीच घरात दिसायचा. मी लगेच म्हणायचे, गेला. म्हणजे सुटका. सगळी पोरं तेच करत असणार."

हसल्या. मीही हसलो. त्या गेल्यावर मी स्वतः डोळे लावून बघितलं. लाल छप्पर, उघडं दार, दारात काळोख रंगवलेला. माणूस नाही.

मी काच पुसली. दिवा बदलला. जुन्या दिव्याची तार काचेवर उमटते कधी कधी, असं मीच मला सांगितलं.

मग एक ड्रायव्हर आला. घाबरलेला. "लायसनला काही होणार नाही ना? आधीच सांगा, नाहीतर मी उठतो." त्याला शांत केलं. त्याचा आळशी डोळा बाईंपेक्षा बराच बरा होता, तक्त्यावरच्या मधल्या ओळी वाचायचा. घर लावलं. तो नळ्यांना डोळे चिकटवून बसला.

"दिसतंय का काही?"

"दिसतंय. तुम्ही लिहिणार का हे?"

"काय दिसतं तेवढं सांगा."

"एका बाजूचा गाल दिसतोय त्याचा. कान. आधी नुसती पाठ असायची. मी घरी सांगितलं होतं तेव्हा. वडिलांनी कानफटात दिली, म्हणाले, पट्टी चुकवायचे धंदे."

मी घराची काच काढून घेतली. आता दोन्ही नळ्यांत नुसता पांढरा उजेड. एवढंच विचारलं, आता?

"घर गेलं," तो म्हणाला. "तो उभा आहे."

पुढचं मी विचारायला नको होतं, पण विचारलं. म्हटलं, रस्त्यावर दिसतो का कधी?

"रस्त्यावर कसा दिसेल? रस्त्यावर दोन्ही डोळे उघडे असतात ना." असं म्हणून त्याने माझ्याकडे मी बावळट असल्यासारखं बघितलं, आणि गेला.

मॅडमना सांगितलं. त्यांनी डबा खाता खाता ऐकून घेतलं. मग येऊन मशीनला डोळे लावले, दोन्ही बाजूंनी, आलटून पालटून.

"घर आहे. छप्पर लाल. माणूस नाही," त्या म्हणाल्या. "तू काय करतोस माहितीये? एकाने सांगितलेलं दुसऱ्याला विचारतोस. छत्रीवाला का, पाठमोरा का. मग दिसणारच. आजपासून फक्त 'काय दिसतं' एवढंच विचार. तोंडावर पण काही आणू नकोस. तुझ्या तोंडावर लगेच येतं सगळं."

बरोबर होतं त्यांचं. मी तसंच केलं. सगळ्यांना दिसायचा असं नाही. ज्यांचा डोळा अगदीच झोपलेला, त्यांना काहीच दिसायचं नाही. ज्यांचा जितका बरा, त्यांच्याकडे तो तितका वळलेला. मी विचारायचो नाही. ते आपणहून सांगायचे, बहुतेक जण हळू आवाजात, शेजारच्या खोलीत कोणी झोपलं असल्यासारखं.

पूर्ण वळलेला मात्र कोणी सांगितला नव्हता. तितका चांगला डोळा कोणाचाच नव्हता.

आता ताईचं सांगतो.

आई-वडील गेल्यावर आम्ही दोघंच. ताई रफूचं काम करते. लोक शाली, कोट, लग्नातले कपडे आणून देतात, ती भोक असं बुजवते की कुठे होतं ते मालकालाही सापडत नाही. तिच्या उजव्या डोळ्यात कसलीतरी कणी गेली. दोन दिवस चोळत बसली. मग लाल झाला, मग पू, आणि मॅडमच्या औषधाने बरा होईपर्यंत बुबुळावर फूल पडलं होतं. मोठं, पांढरं, बरोबर मध्यभागी. उजेड-अंधार कळतो, समोर हात हलवला तर कळतो, बस. दुसऱ्या कोणाचं बुबुळ मिळेपर्यंत थांबायचं, आणि ते कधी मिळेल ते सांगता येत नाही.

तो तिचा चांगला डोळा होता.

उरला डावा. आळशी. लहानपणी पट्टी लावूनही न उठलेला.

ते दिवस वाईट होते. ताई भिंतीला हात लावून चालायची. चहा कपाबाहेर ओतायची आणि म्हणायची, जमिनीला पण तहान लागते रे. एकदा मी कामावरून आलो तर ती दिवा न लावता बसली होती, मांडीवर कोणाचा तरी कोट, सुई हातात. दोरा ओवायचा प्रयत्न करत होती. कधीपासून ते विचारलं नाही मी.

"ठोंब्या," ती म्हणाली. मला ती ठोंब्याच म्हणते. "काहीही कर, पण मला अशी कोपऱ्यात बसवून ठेवू नकोस. मला नाही जमणार ते."

मॅडम म्हणाल्या, आशा आहे. चांगला डोळा गेला की मेंदूला नाइलाजाने दुसऱ्याचं ऐकावं लागतं, आणि आळशी डोळा कधी कधी जागा होतो, मोठेपणीसुद्धा. "तुझ्या हातात मशीन आहे. रोज बसव तिला."

मी म्हटलं, मॅडम, ते पेशंट सांगतात ते...

"तुला बहिणीचा डोळा हवाय की नको?"

हवा होता.

पहिल्या दिवशी बाकड्यावर बसताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, लहानपणी यात काय दिसायचं गं तुला?

"घर."

"आणखी?"

"घर म्हटलं ना."

मग मीही विषय सोडला. काच लावायची, दिवा कमी-जास्त करायचा, चित्र हळूहळू हलवायचं, तिने डोळ्याने पाठलाग करायचा. आधी नुसता उजेड दिसायचा तिला. मग लाल काहीतरी. मग छप्पर. एक दिवस म्हणाली, दाराला कडी आहे की. मी उठून बघितलं. खरंच होती, इतके दिवस माझ्याच लक्षात आली नव्हती. त्या दिवशी आम्ही रिक्षाने घरी गेलो, चैन म्हणून.

डोळा उठत होता. तक्त्यावरची वरची ओळ, मग तिच्याखालची. मॅडम खूश. मला त्या म्हणाल्या, बघ, तू उगाच घाबरत होतास.

माणसाबद्दल ताई काही बोलत नव्हती, आणि मी विचारत नव्हतो. खरं सांगू का, मला वाटायला लागलं होतं की तिला तो दिसतच नाही. सगळ्यांना दिसेलच असं कुठे आहे?

फक्त एक होतं. ती माझ्याशी बोलताना माझ्याकडे बघायची नाही. माझ्या खांद्याच्या थोडं बाजूला बघायची. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, असतं तसं, आळशी डोळा नेम चुकवतो, समोरची वस्तू त्याला बाजूला वाटते. मला पटलं. पटवून घेतलं.

मग तो शुक्रवार. दुपारची वेळ, बाहेर कँटीनच्या भांड्यांचा आवाज येत होता. ताईने तक्त्याची शेवटून दुसरी ओळ वाचली होती. इतका चांगला आळशी डोळा आमच्याकडे आजवर आला नव्हता. मी तिला मशीनवर बसवलं आणि काय मनात आलं कोण जाणे, एकही काच लावली नाही.

"काय दिसतं?"

"काही लावलंच नाहीस तू. पांढरं आहे नुसतं."

मला इतकं हलकं वाटलं. मी हसलो पण.

"कोणी नाही ना?" मी म्हणून गेलो. मॅडमनी बजावलेलं असूनही.

ताईने कपाळ मशीनवरून उचललं. सावकाश.

"यात नाही," ती म्हणाली.

मी वाकून नळ्यांकडे बघितलं.

"यातून तो केव्हाच गेला. तुला माहितीये, मला वाटलं. तुझे सगळे पेशंट त्याच्याबद्दल सांगतात, असं झोपेत बडबडलास ना एकदा."

"वळलाय?" मी विचारलं.

"हं."

"तोंड कसं आहे?"

तिने विचार केला. एखाद्या कापडाचा रंग आठवावा तसा.

"ओळखीचं आहे."

आणि बाकड्यावर जरा सरकली. उजवीकडे, भिंतीच्या बाजूला. डाव्या बाजूला एका माणसापुरती जागा झाली. पदर आवरून घेतला, त्या बाजूचा.

मी मशीन बंद केलं.

घरी येताना रस्ताभर म्हणत होतो, हे बंद करू. मॅडमना सांगतो, काहीतरी दुसरं बघू, बुबुळ मिळेलच कधी तरी. ताई ऐकत होती. माझा हात धरायची गरज राहिली नव्हती तिला, तरी धरला होता.

"आणि तोपर्यंत मी काय करू? चाचपडू?" ती म्हणाली. "काही करत नाही रे तो. उभा असतो. तू दिवसभर नसतोस घरी."

मी मशीनवर बसवणं थांबवलं. काही फरक पडला नाही. डोळ्याला आता मशीनची गरजच नव्हती. तो आपला आपण उठत होता, रोज थोडा. ताई पुन्हा रफू करायला लागली. पूर्वीपेक्षा बारीक. गिऱ्हाइकं म्हणायची, बाई, तुमची नजर तर पहिल्यापेक्षा चांगली झाली. ती हसून बाजूला बघायची.

घरात मात्र काहीतरी सरकत गेलं.

ती बोलायची, मग थांबायची. एखाद्याला उत्तर द्यायला लागतो तेवढा वेळ. मग पुढे बोलायची. मधेच "तू पण ना, ठोंब्या" म्हणून हसायची, आणि मी तर स्वयंपाकघरात असायचो, तोंडही उघडलेलं नसायचं.

मी बोललो की दचकायची. बाहेरून कोणी हाक मारावी तशी मान वळवायची, दाराकडे.

जेवायला दोन ताटं घ्यायची. एक तिच्यासमोर. दुसरं पलीकडच्या बाजूला, जिथे मी बसत नाही. मी ते ओढून घेऊन जेवायचो. ती बघत राहायची, पण ताटाकडे. मग हळूच म्हणायची, पोट भरलं का. मी हो म्हणायचो. तिला ऐकू जायचं की नाही, माहीत नाही. आमच्या घरात दोनच माणसं, आणि त्यातलं एक मी आहे, हे मला रोज स्वतःला सांगावं लागायला लागलं.

एका रविवारी सकाळी मी नवा पिवळा शर्ट घातला होता. तिने मला मुद्दाम हाक मारली, ठोंब्या, इकडे ये, बघू दे. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. ती खिडकीकडे बघत होती. तिथे पडदा आणि एक खुर्ची, बाकी काही नाही.

"राखाडी रंग चांगला दिसतो तुला," ती म्हणाली. "नेहमी हाच घालत जा."

मी तिच्या पुढ्यात गुडघ्यावर बसलो. तिचं तोंड माझ्याकडे वळवलं. डावा डोळा माझ्या कानाच्या बाजूने मागे कुठेतरी लागला होता. अगदी स्वच्छ डोळा. किती वर्षं त्याच्याकडे कोणी लक्षच दिलं नव्हतं.

मी त्याच्यावर तळहात ठेवला. पूर्ण झाकला.

ताई एकदम ताठ झाली. आता तिच्याकडे फक्त फूल पडलेला डोळा होता. धुकं, आणि धुक्यात एक सावली. तिने हात पुढे केला. माझं कपाळ सापडलं, नाक, मग हनुवटीवरचे दाढीचे खुंट. बोटं तिथेच थांबली.

"अरे," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "कुठे होतास रे तू इतके दिवस?"

"इथेच होतो. ताई, मी इथेच आहे."

"किती हाका मारल्या तुला."

"मी ऐकत होतो गं."

तिने माझी मान घट्ट धरली, लहानपणी धरायची तशी. म्हणाली, हात काढू नकोस. मी म्हटलं, नाही काढत. दिवसभर असाच बसलो असतो मी. पण सुई तिच्या मांडीवर होती, अर्धा झालेला कोट होता, आणि हात काढल्याशिवाय ती तो पुरा करू शकणार नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं.

आम्ही तसेच बसून राहिलो. ती शांत झाली. श्वास संथ झाला. मला वाटलं तिला डुलकी लागली.

पापणी मिटलेली होती, मला हाताला कळत होतं. पातळ, गरम पापणी, आणि तिच्याखाली बुबुळाचा उंचवटा.

तो हलला.

सावकाश, न थांबता, एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे. खुर्चीवरून उठून कोणी आपल्यासमोरून चालत जात असेल तर नजर जाते, तसा. माझ्या डाव्या खांद्यामागून उजव्या खांद्यामागे.

मग थांबला, आणि हळूहळू वर उचलला गेला. कोणीतरी आता माझ्या अगदी पाठीशी येऊन उभं राहावं, तितकाच वर.